वाकून सांगणारे आणि न सांगता तुटणारे

(हौशी यंत्रकारांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘हौशी कार्यशाळेतील घरगुती अवजारे आणि भार उचलण्याची साधने’ असा छापला आहे. त्यातील पहिल्या भागाला मी जवळजवळ रजाच देणार आहे. टॅप फिरवायची मूठ, कानशीचा लाकडी दांडा, पत्रा वाकवायची फळी, मिलिंगच्या टेबलावर कामाला आधार देणारे बोटभर उंचीचे स्क्रू जॅक, या वस्तू येथे बसलेल्या बहुतेकांनी केव्हाच घडवून ठेवल्या आहेत आणि त्यांच्याविषयी पहिल्या रांगेतील मंडळी माझ्यापेक्षा अधिक अधिकाराने बोलतील. शिवाय असे अवजार फसले तर काम बिघडते, फार तर नख काळे पडते. उचलण्याचे साधन फसले तर पुढचा मेळावा कोणाच्या तरी श्रद्धांजलीने सुरू करावा लागतो. म्हणून आजचा सगळा वेळ उचलण्यासाठी.

माझे म्हणणे एवढेच आहे, आणि गेली काही वर्षे जो भेटेल त्याला मी ते ऐकवतो आहे, की उचलण्याच्या साधनाचे भाग दोन जातींचे असतात. काही भाग भार असह्य झाला की वाकतात, कुरकुरतात, डोळ्यांना दिसेल असे आकार बदलतात आणि माणसाला बाजूला होण्याइतका वेळ देतात. काही भाग तुटेपर्यंत अगदी शहाण्यासारखे वागतात आणि मग एका क्षणात दोन तुकडे होतात. पहिल्या जातीचे भाग घरी खुशाल बनवावेत. दुसऱ्या जातीचे भाग, कितीही हात शिवशिवले तरी, क्षमतेचा छाप असलेले विकत आणावेत. गर्डर, खांब, पाया, चौकट ही पहिली जात. हूक, साखळी, शॅकल (आडव्या खिळीने बंद होणारी घोड्याच्या नालासारखी कडी), उचलण्याचा पट्टा, ब्रेक ही दुसरी. हे नुसते मत राहू नये म्हणून गर्डर, सांधा आणि तोल असे तीन हिशेब मी फळ्यावर करून दाखवणार आहे, असे आयोजकांना कबूल केले आहे. त्यांनी पाऊण तास दिला आहे; तो पुरेल अशी त्यांची समजूत आहे.

उचलण्याची गरज कुठे पडते, हे या सभेला सांगायला नको, तरी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. बिडाच्या एका घनफुटाचे वजन सुमारे २०४ किलो भरते. जुन्या बाजारात एखादी अँगल प्लेट किंवा सरफेस प्लेट दिसली की आपण तिची लांबी-रुंदी पाहतो, भाव करतो, आणि मग ती दुचाकीवर कशी न्यायची याचा विचार करू लागतो. घनफुटाचा हिशेब आधी केला तर टेम्पो आधी ठरवता येतो. लेथचा आठ इंची चक, म्हणजे काम पकडणारा फिरता जबडा, तोसुद्धा वीस किलोच्या आसपास असतो, आणि तो बसवताना माणूस ओणवा, हात लांब केलेले, बोटे चक आणि बेडच्या मधोमध, अशी अवस्था असते. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये हाताने वजन उचलण्याचे जे सूत्र सुधारले, त्यात सगळी परिस्थिती उत्तम असताना, म्हणजे वजन अंगालगत आणि उंची सोयीची असताना, मर्यादा २३ किलोची धरली आहे. हात लांब केला, कंबर वळवली की ती झपाट्याने खाली येते. म्हणून लेथच्या बेडवर सरकणारा लाकडी पाळणा, ज्यात चक ठेवला की तो स्पिंडलच्या, म्हणजे ज्या दांड्यावर चक बसतो त्याच्या, उंचीला आपोआप येतो, हे माझ्या मते प्रत्येकाने करायचे पहिले उचलण्याचे साधन आहे. त्यात काही उचललेच जात नाही, हा त्याचा मोठेपणा.

आता चेन ब्लॉक, म्हणजे हाताने साखळी ओढून भार उचलणारी कप्पी. यंत्रांविषयी मराठीत बोलायचे म्हणजे किर्लोस्करवाडीपासून सुरुवात करण्याचा प्रघात आहे; आज मी त्याला फाटा देऊन किंग्ज नॉर्टनला जातो. तेथील टॉमस ऑल्ड्रिज वेस्टन या गृहस्थाने १८५४ च्या सुमारास फरकाची कप्पी शोधून काढली आणि बर्मिंगहॅमच्या टँगी बंधूंनी ती बाजारात आणली. हे टँगी म्हणजे ज्यांच्या हायड्रॉलिक जॅकांनी ब्रुनेलचे ‘ग्रेट ईस्टर्न’ हे अवाढव्य जहाज थेम्सच्या काठावरून पाण्याकडे ढकलले, तेच. ते जहाज महिनोन्महिने अडून बसले होते आणि अखेर १८५८ च्या जानेवारीच्या शेवटच्या दिवशी तरंगले. आम्ही ग्रेट ईस्टर्नला पाण्यात उतरवले आणि तिने आम्हाला धंद्यात उतरवले, अशा अर्थाचे टँगींचे उद्गार प्रसिद्ध आहेत.

वेस्टनच्या कप्पीत वरच्या बाजूला एकाच दांड्यावर एकमेकींना जोडलेल्या दोन चाकोऱ्या, म्हणजे साखळी बसेल अशा खाचांची चाके, असतात, एक किंचित मोठी, एक किंचित लहान, आणि एकच अखंड साखळी दोन्हींवरून फिरून खालच्या कप्पीला झोका देते. मोठीवर साखळीच्या दहा कड्यांची जागा आणि लहानीवर नऊ कड्यांची असली, तर हाताने वीस फूट साखळी ओढावी तेव्हा भार एक फूट चढतो. हिशेबाने ५०० किलोसाठी २५ किलोची ओढ पुरावी. प्रत्यक्षात ती पन्नासच्या पुढेच लागते, कारण निम्म्याहून अधिक मेहनत घर्षणात जाते. ऐकणाऱ्याला हा दोष वाटतो, पण साखळी सोडून विडी ओढायला गेलेल्या माणसाच्या मागे भार खाली येत नाही तो याच दोषामुळे. चढवताना घर्षण जर भारापेक्षा अधिक खात असेल, तर उतरायचे म्हटले तरी भाराला त्या घर्षणावर मात करता येत नाही. साधा स्क्रू जॅकही याच कारणाने जागेवर राहतो.

पुढे लोकांना पन्नास किलोची ओढ नकोशी झाली आणि आजच्या चेन ब्लॉकमध्ये गिअर आले. गिअर आले म्हणजे घर्षण गेले, आणि घर्षण गेले म्हणजे भार धरून ठेवायला वेगळी सोय हवी. म्हणून आतमध्ये आटे, घर्षणाच्या चकत्या आणि खिट्टीचे दातेरी चाक अशी रचना असते, ज्यात भार स्वतःच चकत्या आवळतो. भार जितका जड तितकी पकड घट्ट. ही रचना उघडून पाहावी, तिचे कौतुक करावे आणि तशीच बंद करावी. गंज लागू नये म्हणून या चकत्यांवर तेल सोडणारे सद्गृहस्थ मी पाहिले आहेत. साखळीला तेल द्यावे, चकत्यांना कदापि नाही.

हे सगळे इतके लांबवण्याचे कारण असे की घरी विंच, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून भार ओढणारे यंत्र, बनवणाऱ्यांचे लक्ष नेहमी उचलण्यावर असते. भंगारातून मोटर मिळते, गिअरबॉक्स मिळतो, ड्रम लेथवर तासून होतो, आणि पहिल्याच दिवशी भार वर जातो. सगळे टाळ्या वाजवतात. वीज गेल्यावर तो भार कुठे राहणार हा प्रश्न कोणी विचारत नाही. वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या दांड्याने फिरणारे दातेरी चाक, उलटा फिरत नाही हे उत्तर तयार असते. ते काही वर्म गिअरांना लागू पडते, वर्मला एकाहून अधिक आटे असले तर अनेकदा पडत नाही, आणि कंपन सुरू झाले की एरवी बसून राहणाराही सरकू लागतो.

धरून ठेवण्याची ही गोष्ट मी पुस्तकातून शिकलो नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी भोसरीच्या एका कारखान्यात शिकाऊ अभियंता म्हणून लागलो, तेव्हा तेथे खलाशांची एक टोळी होती. यंत्रे हलवणाऱ्यांना कारखान्यांत खलाशी म्हणतात हे येथील तरुणांना कदाचित ठाऊक नसेल. जहाजावरची विद्या जमिनीवर आली आणि नावही घेऊन आली. केरळातील बेपूरचे मापिला खलाशी यासाठी विशेष प्रसिद्ध आहेत. १९८८ मध्ये पेरुमनजवळ आगगाडीचे डबे अष्टमुडी सरोवरात कोसळले, तेव्हा ते बाहेर काढण्याच्या कामात त्यांनी केलेल्या मदतीची आठवण तिकडे आजही सांगितली जाते. आमचे मुकादम मात्र कोकणातले, मितभाषी, आणि अभियंत्यांविषयी त्यांच्या मनात असलेला आदर अगदी बेताचा.

सात-आठ टनांचा एक पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा कापणारे-दाबणारे यंत्र, एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये न्यायचा होता. डोक्यावरची क्रेन दुरुस्तीला उघडलेली आणि दारे इतकी बुटकी की बाहेरची क्रेन आत येईना. मुकादमांनी मागवले काय, तर रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर, जाड पाइपांचे तुकडे, चार पहारी, दोन जॅक, सागाच्या पाचरी आणि एक हातविंच. प्रेसच्या एका कडेला जॅक लावला, एक इंच उचलला, आणि लगेच खाली एक इंच जाडीची फळी सरकवली. पुन्हा एक इंच, पुन्हा फळी. दुसऱ्या कडेला तेच. माझ्याबरोबरच्या एका उत्साही सहकाऱ्याने विचारले की जॅकचा स्ट्रोक सहा इंचांचा आहे, मग एकदम पाच इंच उचलून मोठा ठोकळा का घालत नाही? मुकादम म्हणाले, “साहेब, जॅक उचलायला आहे. धरायला लाकूड आहे.” सहकारी हसला. कामगिरी इतक्या संथपणे चालू होती की साहेब मंडळी कंटाळून निघून गेली.

जेवणाची सुट्टी झाली. प्रेस फळ्यांच्या थरांवर, जॅक नुसते टेकवून ठेवलेले. परत आलो तेव्हा एका जॅकचा दांडा प्रेसपासून दोन बोटे खाली आला होता. तेल कुठे गळलेले दिसत नव्हते. आतल्या आत झडपेतून सुटले असणार. तो कधी उतरला, कोणी पाहिले नाही, कोणी ऐकले नाही. प्रेस जागचा हललाही नव्हता, कारण तो जॅकवर नव्हताच. मुकादमांनी तो जॅक उचलून भिंतीशी आडवा ठेवला, त्यावर खडूने फुली मारली आणि दुसरा आणवला. एका शब्दाचेही भाष्य केले नाही. तेवढ्यात सहकाऱ्याने आपली वही काढून काहीतरी टिपून घेतल्याचे मला स्मरते.

संध्याकाळी मुकादमांनी दाखवलेली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. कामाला लागणारे हूक भांडारातून आले होते. त्यांनी प्रत्येक हूक उजेडात धरला. हुकाच्या टोकाशी एक आणि समोर दांड्याशी एक, असे सेंटर पंचाचे दोन बारीक ठिपके होते. हूक नवा असतानाच त्यांनी ते मारून ठेवलेले. खिशातून पत्र्याचा एक तुकडा निघाला, त्यावर खिळ्याने हुकांचे क्रमांक कोरलेले आणि प्रत्येकासमोर दोन ठिपके. डिव्हायडर आधी पत्र्यावर लावायचा, मग हुकावर. एका हुकाच्या ठिपक्यापर्यंत डिव्हायडरचे टोक पोचेना, जेमतेम दीड-दोन मिलिमीटर कमी पडले. तो हूक बाद. भांडारपाल वाद घालू लागला की रंगसुद्धा उडालेला नाही. मुकादम म्हणाले, “रंग बघून लग्न ठरवतात, हूक नाही.” सभागृहात सुना-जावई दोन्ही असल्यामुळे या वाक्याची जबाबदारी मी घेत नाही.

या हुकाने मात्र माझ्या वर्गीकरणाला एक दुरुस्ती सुचवली, आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. मी हुकाला न सांगता तुटणाऱ्यांत घातले, आणि येथे तर हूक उघडून बोलत होता. खरे असे की चांगल्या कारखान्यातला घडवलेला हूक मुद्दाम असा केलेला असतो की जादा भाराने तो आधी उघडावा, मग तुटावा. पोलादाची निवड, घडाई, उष्णतेची प्रक्रिया, या सगळ्यांनी त्याला बोलायला शिकवलेले असते. आपण घरी सळई तापवून वाकवतो तेव्हा त्याच आकाराची, पण मुकी वस्तू तयार होते. टीएमटी सळईचा हूक तर मुळीच करू नये. तिची बाहेरची कडा कारखान्यात पाण्याने झटकन थंड करून कठीण केलेली असते. भट्टीत लाल केली की तो गुण गेला, तशीच गार वाकवली तर आडव्या उठावांच्या मुळाशी चीर धरण्याची भीती. आणि मोडलेल्या साखळीची कडी वेल्डिंग करून जोडणाऱ्यांसाठी माझ्याकडे शब्द नाहीत. उचलण्याची साखळी वेगळ्या मिश्रधातूची आणि उष्णतेची प्रक्रिया केलेली असते, तिच्या कडीवर ८० चा छाप असतो. गेटाला कुलूप लावायची साखळी दिसायला तशीच असते.

येथे मला माझे एक जुने गाऱ्हाणे मांडू द्या. दुकानात इंजिन काढायची घडीची क्रेन मिळते, जिच्या पिवळ्या हातावर मोठ्या अक्षरांत ‘२ टन’ लिहिलेले असते. हा हात दुर्बिणीसारखा लांब होतो आणि त्याला तीन-चार भोके असतात. दोन टन पहिल्या भोकाला. हात पूर्ण बाहेर काढला की तीच क्रेन अर्ध्या टनाची राहते, आणि गाडीच्या बॉनेटमध्ये पोचायला हात पूर्णच बाहेर काढावा लागतो. भोकांजवळ आकडे असतात, पण बारीक, आणि मी जेथून घेतली त्या दुकानात तर त्यांवर किमतीची चिठ्ठी चिकटवली होती. त्याच दुकानात मी शॅकल मागितले, तेव्हा कुठलाही छाप नसलेले, नुसते चकचकीत शॅकल काढून दिले गेले. क्षमता विचारली तर उत्तर आले, “काका, तुम्हाला हवी तेवढी.” चांगल्या पट्ट्याचा रंगसुद्धा बोलतो; जांभळा एक टनाचा, हिरवा दोन, पिवळा तीन, करडा चार, लाल पाच. लेबल कापलेला पट्टा मात्र गाडीवर सामान बांधायला वापरावा.

दुसरे गाऱ्हाणे आमच्या गृहनिर्माण संस्थेविषयी. माझ्या गॅरेजमध्ये चाकांवरची एक लोखंडी कमान आहे, जिला आपण गँट्री म्हणतो. समितीने मला पत्र पाठवले की हे अनधिकृत बांधकाम असून त्याने इमारतीस धोका संभवतो. चाके असलेले बांधकाम ही कल्पना मला काव्यात्म वाटली. त्याच समितीने त्याच महिन्यात तळघरातल्या पाण्याच्या पंपाची मोटर वर काढली, ती जिन्याच्या स्लॅबमधल्या पंख्याच्या हुकाला दोरी बांधून. पंख्याचा हूक पंख्यासाठी असतो. राहत्या घराच्या स्लॅबवर भारतीय मानकाप्रमाणे दर चौरस मीटरला साधारण २०० किलोचा चल भार धरतात, तोही वर ठेवलेला आणि पसरलेला. एकाच बिंदूला खालून लोंबकळणारा आणि हिसके देणारा नव्हे. माझी कमान उभी आहे ती याच कारणाने की मला स्लॅबला हातसुद्धा लावायचा नव्हता. बोअरमधून मोटर काढणारे लोक गावोगाव हेच करतात. तीन पाइपांचे तिकाटणे, वर चेन पुली, आणि पाय फाकू नयेत म्हणून खाली पायांना गुंडाळलेली साखळी. समितीने त्यांना बोलावले असते तर तासाभरात काम झाले असते. पत्राला मी सविस्तर उत्तर लिहिले आहे, ते अकरा पानी आहे, आणि ते येथे वाचण्याचा माझा विचार होता, परंतु अध्यक्षांनी आत्ताच चिठ्ठी पाठवली आहे की माझ्याकडे दहा मिनिटे उरली आहेत. तेव्हा हिशेबांकडे वळू. जरा घाईने सांगतो, लिहून घ्या.

पहिला गर्डर. कमानीच्या दोन खांबांमधले अंतर ३ मीटर, मधोमध १ टन, चेन ब्लॉकचे वजन त्यातच धरले. वाकवणारा जोर म्हणजे भार गुणिले अंतर भागिले चार. १००० गुणिले ३०० भागिले ४, म्हणजे ७५,००० किलो-सेंटिमीटर. सव्वाशे मिलिमीटर उंचीचा, म्हणजे पाच इंची, आय गर्डर घेतला तर त्याचा छेदगुणांक, म्हणजे छेदाच्या आकारामुळे वाकण्याला होणाऱ्या विरोधाचे माप, सुमारे ७१ घनसेंटिमीटर आहे. भागाकार केला की ताण १,०५६ किलो प्रति चौरस सेंटिमीटर येतो. साधे पोलाद २,५०० च्या आसपास कायमचे वाकू लागते. म्हणजे ताकदीला गर्डर उत्तीर्ण, आणि बहुतेक लोक येथेच वही मिटतात. आता बाक, म्हणजे भाराने गर्डर मध्ये किती खाली येतो ते पाहा. भार गुणिले अंतराचा घन, भागिले ४८ गुणिले पोलादाचा स्थितिस्थापकतेचा गुणांक गुणिले छेदाचे जडत्व, जे येथे सुमारे ४४५ आहे, उत्तर ६.२ मिलिमीटर. हाताने चालणाऱ्या क्रेनच्या गर्डरला आपले मानक अंतराचा पाचशेवा भाग एवढा बाक देते, म्हणजे ६ मिलिमीटर. थोडक्यासाठी नापास. दीडशेचा, म्हणजे सहा इंची गर्डर घेतला की ताण ७८० वर आणि बाक ३.८ वर येतो. मीटरमागे वजन जेमतेम दोन किलोने वाढते. सहा इंची घ्या. आणि गॅरेज रुंद आहे म्हणून अंतर तीनाचे चार मीटर केले, तर ताण एक-तृतीयांशानेच वाढतो, पण बाक जवळजवळ २.४ पट होतो, कारण तेथे घन आहे.

दुसरा सांधा. सहा मिलिमीटरच्या कोपऱ्याच्या वेल्डचा गळा ४.२ मिलिमीटर धरावा आणि चांगल्या वेल्डला दर चौरस सेंटिमीटरला हजार किलो धरले, तर एक सेंटिमीटर वेल्ड ४२० किलो पेलतो. दहा सेंटिमीटरला चार टन. आकडा मोहक आहे. त्यातले ‘चांगल्या’ हे विशेषण मात्र क्ष-किरणाशिवाय सिद्ध होत नाही, आणि वेल्ड आपल्या दुसऱ्या जातीतला आहे, तो सांगून तुटत नाही. म्हणून रचना अशी करावी की भार लोखंडावर बसेल आणि वेल्ड किंवा बोल्ट त्याला फक्त जागेवरून सरकू देणार नाही. गर्डर खांबाच्या डोक्यावरच्या पाटावर ठेवावा, खांबाच्या कुशीला चिकटवू नये. बाटली जॅक लावून प्रेस बनवणाऱ्यांनाही हेच लागू. आडवी तुळई चौकटीत अडकेल अशी घाला, कडांना डागून लटकवू नका.

तिसरा तोल. कमानीची उंची २.७ मीटर आणि पायाची रुंदी १.२ मीटर असली, तर निम्मी रुंदी भागिले उंची म्हणजे ०.२२. भाराची साखळी उभ्या रेषेपासून साडेबारा अंश बाजूला ओढली गेली की कमान कलंडू लागते. कमानीचे स्वतःचे वजन थोडे वाचवते, पण त्यावर विसंबू नये. साडेबारा अंश म्हणजे फार नाही. भार लटकत असताना कमान ढकलली आणि एक चाक खड्याला अडले, तर भार पुढे जातो आणि कमान मागे राहते. लटकलेला भार घेऊन कमान हलवूच नये. भार उचलावा, खाली गाडा सरकवावा, भार त्यावर उतरवावा, मग गाडा हलवावा. हलवणे अगदीच टळत नसेल तर भार जमिनीपासून चार बोटे वर ठेवावा.

पट्ट्याच्या कोनाचे राहिले. एकाच हुकातून पट्ट्याचे दोन पाय काढले आणि त्यांच्यामध्ये ६० अंशांचा कोन असला, तर प्रत्येक पायावर भाराचा ५८ टक्के ताण येतो. ९० अंशांना ७१ टक्के. १२० अंशांना पूर्ण शंभर, म्हणजे दोन पाय लावून काहीच मिळवले नाही. १५० अंशांना भाराच्या जवळजवळ दुप्पट. छत बुटके असले की माणूस पट्टा आखूड करतो आणि कोन फाकतो. साठच्या पुढे जाऊ नका.

आणि शेवटी चाचणी, कारण घरी केलेल्या गर्डरला बोलता येते ते ऐकायची ही जागा. ठरवलेल्या भाराच्या सव्वापट भार लावायचा, पण एकदम नाही. अर्ध्या टनाच्या कमानीला दोनशे लिटरची तीन रिकामी पिंपे एका मजबूत पाटावर बांधून जमिनीपासून वीतभर उचलावीत, गर्डरच्या खालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणावा, आणि लांब उभे राहून नळीने पिंपांत पाणी सोडावे. पाणी भरत जाते तसा गर्डर आणि दोरा यांच्यामधले अंतर कमी होते. ते कंपासपेटीतल्या पट्टीने नव्हे, आधीच चिकटवलेल्या मोजपट्टीवर लांबूनच वाचावे. भरल्यावर दहा मिनिटे थांबावे. मग पाणी सोडून द्यावे आणि दोरा पुन्हा वाचावा. अंतर होते तेवढेच परत आले तर कमान वापरावी. एक मिलिमीटरही कमी राहिले तर तो गर्डर कुंड्या ठेवायला चांगला.

अध्यक्षांची दुसरी चिठ्ठी आली आहे, पण ती वेळेविषयी नसून प्रश्न आहे. ट्रॉली जॅकमधले तेल कमी झाले तर ब्रेक ऑइल चालेल का? चालणार नाही. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचे असते आणि जॅकमधली रबरी सीले त्याने फुगतात व मऊ पडतात. बाजारात ३२ क्रमांकाचे हायड्रॉलिक तेल सुटे मिळते, ते घाला. भरताना दांडा पूर्ण खाली असू द्या, म्हणजे तेल जास्त होणार नाही.